12 लिटरचा डीह्युमिडिफायर: साताऱ्यात एक पावसाळा वापरल्यावर

टाकी रिकामी, तरी मशिनवर 'टाकी भरली'चा लाल दिवा. सप्टेंबरात हे झालं नसतं तर चार तारे देऊन मी मोकळा झालो असतो.

सांगलीला बहिणीकडं आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की सामान वरच्या मजल्यावर चढवायला लागतात. आमच्याकडं पाणी असं सांगून येत नाही, ते भिंतीतून येतं. शाहूपुरीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो आणि बेडरूमची पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडावरच आहे. जुलैत कपाटामागं भुरा, गादीला कुबट वास, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट पांढरी लव. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "अहो, साताऱ्यात ओल यायचीच. गणपतीनंतर ऊन पडलं की जाते." आम्ही यायच्या आधी त्यांनी त्या भुऱ्यावरच डिस्टेंपर मारून घेतला होता. त्याचे पोपडे आता गादीवर पडत होते.

म्हणून हे हवेतली ओल ओढून टाकीत जमा करणारं मशिन, 16 हजार. घेतलं ते कॉम्प्रेसरवालं. पेल्टियरचे, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी विजेवर गार होणारी चकती असलेले, छोटे डबे स्वस्त असतात, पण अख्ख्या खोलीसाठी त्यांच्या नादी लागू नका. खोक्यावरचे 12 लिटरही खरे मानू नका. तो आकडा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. आपल्याकडं पावसाळी हवा त्याहून बरीच गार, तेव्हा निम्मंच पाणी धरा. तरीसुद्धा फरक पडला. आर्द्रता मोजायचं घड्याळ सकाळी 88 दाखवायचं, ते दारंखिडक्या लावून मशिन चालवल्यावर 60 च्या खाली आलं. भुऱ्याला जोर येतो तो 60 च्या वर. दोरीवरचा शाळेचा गणवेश सकाळी कोरडा मिळायला लागला, तेव्हा घरात माझी थोडी पत वाढली.

आता टाकी. दोन लिटरची, मशिनच्या पोटात मागून सरकणारी. मूठ नाही. झाकण नुसतं वर टेकवलेलं. काठोकाठ भरल्याशिवाय मशिन थांबत नाही. मग ती दोन्ही हातांनी पोटाशी धरायची, पलंगाला वळसा घालायचा, उंबरा ओलांडायचा आणि बाथरूम गाठायचं. कोपऱ्यातून पाणी सांडतंच. म्हणजे हवेतलं पाणी काढायला 16 हजार मोजायचे आणि तेच फरशीवर ओतून फडक्यानं पुसायचं. हे डिझाइन ज्यानं केलं, त्याच्या घरची टाकी नक्की दुसरंच कोणीतरी रिकामी करतं. टाकी भरते ती मध्यरात्री, मग बीप सुरू, आणि तो आवाज बंद करायची सोय नाही. मागं नळीसाठी तोंड आहे, पण पंप नसल्यानं पाणी उतारानंच जाणार, म्हणजे मशिन स्टुलावर चढवा. नळी खोक्यात नाहीच. कूलरची बसेना. शेवटी राजवाड्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी मिळाली, ती घट्ट बसली.

वीजबिल वेगळंच. रोज दहा तास चालवलं तर दोनेक युनिट जातात. आमचं बिल 100 युनिटच्या आत असायचं, ते पुढच्या टप्प्यात गेलं, आणि तिथला दर चांगलाच चढा आहे.

ऑगस्टमध्ये मत थोडं बदललं. हवा कोरडी, पण भिंत ओलीच. भिंतीवर दुधाच्या पिशवीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवला. थेंब खोलीच्या बाजूला आले तर ओल हवेतली, भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. आले भिंतीच्या बाजूला. फोटो पाठवल्यावर मालक एकदाचे गच्चीवर चढले. कठडा आणि कोब्याच्या सांध्यात बोट जाईल एवढी भेग, पन्हाळी पाल्यानं बुजलेली. पन्हाळी मोकळी करून भेगेवर ताडपत्री टाकली, आणि मशिन दिवसाला तीन-चार तासांत भागायला लागलं. आधी गच्ची बघा, मग मशिन घ्या. भिंतीतून येणारं पाणी कुठलंच मशिन थांबवत नाही.

आणि मग तो लाल दिवा. वॉरंटी कार्डावर छापलंय 'घरपोच सेवा'. फोनवर उत्तर मिळालं, "पुण्याच्या सेंटरला आणून द्या, जायचा-यायचा खर्च तुमचा." मी नाही म्हटलं, तर तक्रार 'ग्राहक समाधानी' असा शेरा मारून बंद! पोवई नाक्यावरच्या फ्रिजवाल्या मेकॅनिकला दाखवलं. टाकीत जो तरंगता फ्लोट असतो, त्याच्या आतलं लोहचुंबक जागेवरून निसटलं होतं. त्यानं एम-सीलनं बसवलं, 50 रुपये आणि चहा घेतला.

तीन तारे. दोन टाकीचे आणि सेवेचे कापले.

करार नोव्हेंबरात संपतोय. मशिन इथंच ठेवून जाणार का, असं मालकांनी परवा सहज विचारलं. "काका, डिपॉझिटबरोबर 16 हजार जादा द्या, ठेवतो," म्हटलं. तेव्हापासून ते गच्चीच्या गिलाव्याचं जास्त मनावर घेतायत.