पृथ्वीगोल, भिंतीवरचा नकाशा की मोबाईल? लहान मुलांच्या भूगोलासाठी आधी काय घ्यावं

तिसरीच्या वर्गात भिंतीवरच्या नकाशात नाईल नदी दाखवत होते. बोट व्हिक्टोरिया सरोवरापासून भूमध्य समुद्राकडे सरकत गेलं, म्हणजे खालून वर. पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, पाणी वर कसं चढतं?" मी नदी उंच भागाकडून सखल भागाकडे वाहते हे पुस्तकी उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं, पण पोरीचा प्रश्न नदीबद्दल नव्हताच. तो भिंतीबद्दल होता. भिंतीवर उत्तर दिशा वर असते, आणि वर म्हणजे छत. मधल्या सुट्टीनंतर आम्ही नकाशा खिळ्यावरून उतरवला, फरशीवर पसरला आणि शेजारी होकायंत्र ठेवून खऱ्या उत्तरेशी जुळवला. मुलं त्याच्याभोवती रांगत फिरली. नाईल आता मुकाट्याने दरवाजाकडे वाहत होती.

पहिलं साधन कोणतं आणावं, असं नवे शिक्षक आणि पालक विचारतात तेव्हा मला हा प्रसंग आठवतो. माझा कल आधीच सांगून टाकते. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी काही विकत आणायची घाई नको, कागद-पेन्सिल पुरे. एकच वस्तू घ्यायची असेल तर पृथ्वीगोल. भिंतीवरचा नकाशा त्यानंतर. मोबाईल किंवा मोठा पडदा एका ठराविक कामापुरता.

कागद-पेन्सिल

या वयाच्या मुलाला घरासमोरचा रस्ता काढायला सांगा. रस्ता वरून पाहिल्यासारखा, दोन सरळ रेषांचा येतो. घरं मात्र समोरून पाहिल्यासारखी, दार-खिडक्यांसकट. एका बाजूची उभी आणि दुसऱ्या बाजूची उताणी पडलेली. हे चित्र चुकलं म्हणून खोडू नका. निम्मा नकाशा मुलाने केलेला आहे, बाकीच्या निम्म्यासाठी वरून पाहण्याची सवय लागते. काडेपेटी, पेला, कंपासपेटी कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि वस्तू उचलायची. कागदावर जे उरतं तो नकाशा. मग बाकाचा नकाशा, मग वर्गाचा. वर्ग पावलांनी मोजायचा आणि एक पाऊल म्हणजे वहीतला एक चौकोन धरायचा. 'प्रमाण' हा शब्द न उच्चारता प्रमाण शिकवून होतं.

या वयात मुलांना दुसऱ्या जागेवरून काय दिसेल हे कळतच नाही, असं पूर्वी ठासून सांगितलं जाई. त्याला आधार होता बालमानसशास्त्रज्ञ पियाजे आणि इन्हेल्डर यांच्या तीन डोंगरांच्या प्रयोगाचा, १९४८ सालचा. समोर तीन डोंगरांची प्रतिकृती, पलीकडे बाहुली. बाहुलीला काय दिसतं असं विचारलं की लहान मुलं स्वतःला दिसणारंच चित्र निवडायची. पुढे १९७०च्या सुमारास भूगोलतज्ज्ञ जेम्स ब्लाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना विमानातून घेतलेली छायाचित्रं दिली. नकाशा न शिकलेली पाच-सहा वर्षांची मुलंही त्यातली घरं आणि रस्ते ओळखू शकली. वर्गातला माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे. वस्तू ओळखीची असली की मुलं वरून पाहतात, अनोळखी डोंगरांपाशी अडतात.

कागदाची मर्यादा उघड आहे. तो शाळेच्या आवारापाशी संपतो. आणि यात शिक्षकाचा वेळ फार जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

'जवळून दूर' हा नियम किती पाळायचा

आधी घर, मग गल्ली, गाव, देश आणि शेवटी जग, ही उतरंड बऱ्याच ठिकाणी पाळली जाते. ती पाळली तर पृथ्वीगोल चौथीपर्यंत कपाटातच राहील. मला हे पटत नाही. जवळचं म्हणजे सोपं आणि दूरचं म्हणजे अवघड, असं मुलांच्या डोक्यात नसतं. पेंग्विन कसा चालतो ते करून दाखवणाऱ्या मुलाला अंटार्क्टिका अवघड नाही. त्याला अवघड जातो तो 'प्रशासकीय विभाग', मग तो घराच्या दारात का असेना. म्हणून कागद आणि पृथ्वीगोल हे मागे-पुढे ठेवण्यापेक्षा सोबत चालवावेत.

पृथ्वीगोल विरुद्ध भिंतीवरचा नकाशा

खरी निवड इथे करावी लागते.

पृथ्वीगोलाची मोठी बाजू अशी की आकार, अंतर आणि दिशा या तिन्ही बाबतींत तो एकाच वेळी खरा असतो. सपाट कागदाला हे जमतच नाही. दोरा घ्या, एक टोक टोकियोवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. दोरा अलास्काकडून जातो. सपाट नकाशावर तीच मुलं पॅसिफिक महासागरातून आडवी रेघ मारतात आणि ती जवळची वाट आहे असं पैजेवर सांगतात.

दुसरी बाजू ऊन. गोल स्टँडवरून काढून बादलीच्या तोंडावर किंवा एखाद्या रिंगवर उन्हात ठेवा. आपलं ठिकाण अगदी माथ्यावर येऊ द्या आणि गोलाचा उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडे करा. आता तो गोल आणि आपली पृथ्वी एकाच कलाने उभी आहेत. मातीच्या चिमुकल्या गोळीत काडी खोचून आपल्या ठिकाणी चिकटवा. तिची सावली मैदानातल्या खांबाच्या सावलीच्याच दिशेला पडते. गोलाच्या ज्या अर्ध्या भागावर ऊन आहे, तिथे या क्षणी दिवस आहे. उन्हाच्या कडेवर कुणाची सकाळ आहे, कुणाची संध्याकाळ. वर्गात टॉर्च मारून मी हे अनेक वर्षं शिकवलं, पण टॉर्चवर मुलांचा विश्वास बसत नाही, उन्हावर बसतो.

तिसरी बाजू अंतराची जाणीव. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाशेजारी चंद्र ठेवायचा तर सुमारे ८ सेंटिमीटरचा चेंडू लागतो. तो किती लांब धरायचा? मुलं हातभर अंतर दाखवतात. बरोबर जागा सुमारे ९ मीटरवर आहे, बहुतेक वर्गांत ती दाराबाहेर येते.

आता गोलाची उणी बाजू. एका वेळी अर्धंच जग दिसतं. ३० सेंटिमीटरच्या गोलाचं विषुववृत्त जेमतेम ९४ सेंटिमीटर भरतं, म्हणजे त्यावरचा १०० किलोमीटरचा प्रदेश सव्वादोन मिलिमीटरांच्या आसपास. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावरून तो नुसता निळा चेंडू दिसतो. सहा-सात मुलांचे गट करून फिरवावा लागतो, आणि त्या वेळात बाकीच्यांना काम द्यावं लागतं.

भिंतीवरचा नकाशा इथे बाजी मारतो. दीड मीटर रुंदीचा जगाचा नकाशा त्याच गोलाच्या दीडपट मोठा असतो, सगळं जग एकदम दिसतं, आणि तो तिथेच राहतो. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मुलं त्यावर विचित्र नावं शोधतात. हे फुकटचं शिक्षण गोलाकडून होत नाही, कारण गोल बहुधा कपाटात बंद असतो, फुटू नये म्हणून.

पण नकाशा शिकवतो तितकंच चुकीचंही शिकवतो. 'वर म्हणजे उत्तर' हे सांगितलंच. दुसरं, कडा. रशिया एका टोकाला, अलास्का दुसऱ्या टोकाला, प्रत्यक्षात मधली बेरिंगची सामुद्रधुनी सुमारे ८५ किलोमीटरची. तिसरं, रंग. प्राकृतिक नकाशात हिरवा रंग सखल जमिनीचा. मुलं तिथे जंगल पाहतात, मग ते अरबस्तानच्या किनाऱ्याचं वाळवंट असलं तरी. रंगसूची आधी वाचून घेणं हा एवढाच उपाय आहे आणि तो दर वेळी करावा लागतो.

चौथी गोष्ट प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीची, खरेदीत ती सर्वांत महत्त्वाची. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली केलेला नकाशा दर्यावर्दींसाठी होता. त्यावर होकायंत्राची एक दिशा धरून जाणारी वाट सरळ रेघ होते. त्या सोयीपायी ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात. ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिका सुमारे ३ कोटी. म्हणजे चौदापट. मर्केटरच्या नकाशावर दोन्ही भावंडांसारखे दिसतात. दुकानात दुसरं काही पाहू नका, ग्रीनलंड पाहा. ते आफ्रिकेएवढं दिसलं तर नकाशा परत गुंडाळा. १९२१ सालचं विंकेल त्रिपेल किंवा रॉबिन्सनचं प्रक्षेपण मुलांसाठी बरं. गॉल-पीटर्समध्ये क्षेत्रफळं बरोबर येतात, पण आफ्रिका वाळत घातल्यासारखी लांबट लोंबते.

गोल घेताना मात्र डोंगर उंचावलेला, हाताला लागणारा गोल टाळा. एव्हरेस्ट ३० सेंटिमीटरच्या गोलावर खरं तर ०.२ मिलिमीटर भरतं. बोटाला टोचणारा २ मिलिमीटरचा हिमालय दहापट खोटा. त्यापेक्षा गुळगुळीत, मोजकी नावं असलेला, स्टँडवरून सहज निघणारा गोल घ्या. पोरांच्या हाती द्यायला फुगवायचा प्लास्टिकचा गोलही चालतो. एकाने फेकायचा, दुसऱ्याने झेलायचा, आणि उजवा अंगठा पाण्यावर आला की जमिनीवर हे फळ्यावर मांडायचं. पन्नास झेलांत पाणी पस्तिसाच्या आसपास येतं, कारण पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे.

मोबाईल आणि पडदा

त्याचं एक काम दुसऱ्या कशालाच येत नाही. आपल्याच शाळेचं छप्पर वरून दाखवणं. मुलांनी काढलेला आवाराचा नकाशा हाती ठेवून उपग्रहचित्र उघडा, आणि 'आपण झाड विसरलो' हे ती स्वतः सांगतील. हे काम झालं की पडदा बंद. बोटांनी चित्र मोठं-लहान केलं की प्रमाण दर क्षणाला बदलतं आणि आवार मोठं की देश मोठा याचा अंदाज सुटतो. शिवाय निळा ठिपका 'तू इथे आहेस' असं आपणहून सांगतो, आणि मुलाने शिकायचं होतं ते नेमकं तेच.

नकाशासंग्रह म्हणजे अ‍ॅटलस नऊ-दहाव्या वर्षी, सूचीतून 'ग ४' असा चौकोन शोधता येऊ लागला की. आधी दिलं तर मुलं झेंड्यांचं पान तेवढं पाहतात.

शाळेत जुना मर्केटर आधीच टांगलेला असेल तर तो फेकू नका. गोलावरच्या ग्रीनलंडवर पातळ पारदर्शक कागद ठेवून त्याची बाह्यरेषा उतरवा, तशा डझनभर प्रती कापा आणि गोलावरच्या आफ्रिकेत बसवायला मुलांना द्या. मग भिंतीवरच्या नकाशाकडे बघून काय म्हणायचं ते त्यांनाच विचारा. हिशोबाने चौदा बसायला हवेत. आमच्या वर्गात अकरा बसले, कारण कडा जुळेनात, आणि बाराव्यावरून भांडण झालं.