लाडिक मांजर: घरात घ्यावं की सोसायटीतच सांभाळावं?

पायांत घोटाळणारं मांजर बेवारसच असेल असं नाही. गळ्यात फोन नंबर लिहिलेली कागदी पट्टी सैलसर चिकटवा आणि आठवडाभर वाट पाहा. भाटी असेल तर पोटाखाली बघा. आचळं फुगलेली आणि भोवतालचे केस झडलेले असतील तर पिल्लं जवळपास असणार. तिला एकटीला उचलू नका.

घरात घ्यायचं तर खरा खर्च सुरुवातीलाच. घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला १०-१४ दिवस वेगळी खोली. जंतांचं औषध वजन करूनच. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिनवाले पिसवांचे थेंब मात्र चुकूनही नकोत, मांजराच्या जिवावर बेततात. मग ट्रायकॅटचे (मांजरांच्या तीन विषाणूजन्य आजारांवरची एकत्र लस) दोन डोस ३-४ आठवड्यांच्या अंतराने, रेबीजची लस, नसबंदी. खिडक्यांना जाळी आधी, मांजर नंतर. नायलॉनची मच्छरजाळी नखांपुढे टिकत नाही, तारेची हवी. बोका असेल तर नसबंदीनंतरही काही आठवडे भिंतींवर लघवीचे फवारे मारू शकतो.

सोसायटीत ठेवलं तर काम कमी, पण भरवसाही कमी: गाड्या आणि कुत्रे आपल्या हातात नसतात. नसबंदी आणि रेबीजची लस इथेही चुकत नाही. भूल असतानाच कानाचं टोक कापून घ्या, ती नसबंदी झाल्याची खूण, म्हणजे त्यासाठी पुन्हा कुणी पकडून नेणार नाही. खाणं ठरल्या वेळी, भांडं अर्ध्या तासात उचला. नाहीतर मुंग्या, उंदीर आणि पाठोपाठ कमिटीचं पत्र. दूध नको, जुलाब होतात.

उचलून घेतल्यावर अंग सैल सोडणारं मांजर घरात रुळतं. दार लावताच रात्रभर ओरडणाऱ्या प्रौढ बोक्यालाही दोन-तीन आठवडे द्या, मगच ठरवा.