प्रेशर गेज सात महिने वापरल्यावर: नळाला धार का नव्हती ते कळलं

सात महिने झाले वापरतोय म्हणून आता लिहितो, पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. वस्तू साधी आहे, काट्याचं प्रेशर गेज आणि ते अर्धा इंची नळाच्या तोंडाला बसवायला एक अडॅप्टर.

घेतलं कारण बाथरूमच्या नळाला धार एकदम बारीक, जो येईल तो सांगायचा टाकी उंच करा नाहीतर पंप लावा, घरचेही पंपाच्याच मागे लागलेले. म्हटलं आधी मोजून तर बघू.

हिशोब शिकायला एक संध्याकाळ पुरली. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे जवळपास १ बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं एकक), बस. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंत टेप लावून मोजलं, ७ मीटर भरलं, म्हणजे ०.७ च्या आसपास यायला पाहिजे. टाकी ५०० लिटरची असो नाहीतर २००० ची, प्रेशर ठरतं ते उंचीवर, हे मला खरंच माहीत नव्हतं.

आता घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. मी आधी ० ते १० बारवालं घेतलं होतं. त्याच्यावर ०.७ ला काटा जेमतेम हलतो आणि अचूकता पूर्ण स्केलच्या २.५ टक्के, म्हणजे पाव बार इकडेतिकडे, मग मोजून उपयोग काय? ० ते २.५ वालं आणलं तेव्हा काटा ०.६८ वर थांबला. कागदावरचा आकडा आणि काटा जुळले तेव्हा फार बरं वाटलं.

पण मग धार का नाही? तर गेज लावलं की त्या नळातून पाणी वाहतच नाही, आणि पाणी थांबलेलं असेल तर पाइप अर्धा चोंदलेला असला तरी प्रेशर पूर्ण दिसतं. त्याच लाइनवरचा दुसरा नळ सोडून वाचायचं असतं. सोडला आणि काटा सरळ ०.१५ वर. म्हणजे उंची पुरेशी आहे, पाणी वाटेत अडतंय. शोधत शोधत टाकीपर्यंत गेलो तर तिथल्या गेट व्हॉल्व्हचं चाक फिरत होतं पण आतली झडप उचललीच जात नव्हती. तो काढून बॉल व्हॉल्व्ह टाकला, आता दुसरा नळ चालू असताना ०.४५ येतं आणि पंपाचा विषय घरात निघत नाही.

त्यानंतर मोजायची सवयच लागली. किचनच्या नळाखाली ५ लिटरचं पातेलं भरायला ७५ सेकंद, म्हणजे मिनिटाला ४ लिटर, तोंडाची जाळी काढून साफ केली तर ४० सेकंद. बेसिनच्या गळक्या नळाखाली मापाचा कप १० मिनिटं ठेवला, १५० मिली जमलं, दिवसात अशी १४४ दहा-मिनिटं, म्हणजे २१ लिटरच्या वर पाणी वाया, त्याच दिवशी वॉशर बदलला. आणि पाऊण इंची पाइप अर्ध्याच्या दीडपट वाटतो पण आतली जागा व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोन पट. नवीन लाइन टाकणाऱ्याने हे आधी बघावं.

तक्रारी दोन. अडॅप्टरचा रबर वॉशर पाचव्या महिन्यात कडक झाला आणि कडेने पाणी यायला लागलं, जास्तीचे दोन आणून ठेवा. दुसरं म्हणजे काटा आता शून्यावर न येता ०.०३ वर थांबतो, मी तेवढं वजा करतो. आणि ज्यांच्या नळाला थेट पंपाची लाइन आहे त्यांनी २.५ वालं अजिबात लावू नका, जास्त प्रेशर आलं की गेज कायमचं बिघडतं, तुम्हाला १० वालंच लागेल.