सभागृहाच्या भिंती: एएसी ब्लॉक की दाबीव मातीच्या विटा?

एका संस्थेला सभागृह आणि लागून छोटं ऑफिस बांधायचंय, पण गाडी भिंतींवर अडलीय. पर्याय दोन: एएसी ब्लॉक, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांचे हलके काँक्रीट ठोकळे, आणि दाबीव मातीच्या विटा, म्हणजे सिमेंट मिसळलेली माती यंत्रात दाबून केलेल्या, न भाजलेल्या विटा. दोन्ही ‘हरित’ म्हणून विकले जातात. ते लेबल बाजूला ठेवू.

भट्टी दोघांनाही लागत नाही. पण एएसी ब्लॉक सुमारे 180 ते 200 अंशांच्या दाबाच्या वाफेत पिकतात आणि कारखान्यातून ट्रकने येतात. मातीच्या विटेत साधारण 5 ते 10 टक्के सिमेंट. माती पायाच्या खोदाईतली चालली तर वाहतूकच वाचली. मात्र वरचा सुपीक थर चालत नाही, आणि मातीची चाचणी टाळलीत तर पुढे भोगाल.

वजनात फरक मोठा: घनमीटरला एएसी सुमारे 600 किलो, मातीची वीट त्याच्या तिप्पट. त्यामुळे बहुमजली सांगाड्यात एएसीने लोखंड वाचतं. एक-दोन मजल्यांत मातीची भिंत स्वतःच भार पेलते.

उष्णता एएसी अडवतो, माती साठवते. एसी दिवसभर चालणार असेल तर एएसी. दिवसा ऊन, रात्री गारवा आणि खिडक्या उघड्या असतील तर माती.

मेहनत मातीची जास्त: विटा आधी सावलीत झाकून, मग पाणी मारत सुमारे चार आठवडे. एएसीचं काम झटपट, पण गिलावा घाईत केला की चिरा पडतात, आणि जड फळा टांगायला स्क्रूसाठी खास प्लग लागतो.

ऑफिस बहुमजली आणि तारीख ठरलेली असेल तर एएसी घ्या. बैठं, रुंद ओट्याचं, मोठ्या छज्जाचं सभागृह असेल, गवंडी शिकायला तयार असतील, तर मातीच.