भिंती आम्ही घासल्या, रंग त्याने खाल्ला

घर गावाला आणि राहणं ठाण्या-मुंबईत, अशी ज्यांची गत आहे त्यांनी मे महिन्यात घराला बाहेरून रंग काढायला देण्याआधी हे वाचावं. आम्हाला ज्या पद्धतीने टोपी घातली गेली ती पद्धत जुनीच आहे. पण भिंती धुण्या-घासण्याचं काम घरच्यांनी केलं की त्या पद्धतीला आणखी एक आयतं कवच मिळतं, ते सांगायचं आहे.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. जुनं जांभ्याचं घर उतरवून बाबांनी स्लॅबचं बांधलं, पुढची पडवी तेवढी कौलारू ठेवली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि नैऋत्येची झड सरळ भिंतीवर आपटते. पूर्वी नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायचे, आता निळं प्लास्टिक बांधतात. तरी दोन पावसाळ्यांत भिंत हिरवी होते आणि नंतर काळी.

तालुक्याच्या बाजारातून ओळखीने एक रंगारी कंत्राटदार मिळाला. माणूस गोड बोलणारा. म्हणाला, "दादा, भिंती तुम्हीच साफ करून द्या. घरात एवढी माणसं आहेत. मजुरी बाराऐवजी नऊ रुपये फुटाने लावतो." मजुरी फुटावर आणि माल बिलाप्रमाणे, असं ठरलं. सगळे चाकरमानी जमलेलेच होते, आम्ही कंबर कसली.

त्या कामाबद्दल मला आजही अभिमान आहे. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून भिंतीला फासायची, मुरू द्यायची आणि मग तारेच्या ब्रशने घासायचं. भाऊ परांचीवर, मी शिडीवर, वहिनी आणि आत्या जोत्यापाशी खराटे घेऊन. आत्या सत्तरीच्या पुढची, पण छज्ज्याखालची शेवाळ काढताना तिने कुणाला हात लावू दिला नाही, "तुम्ही वरवर घासता" म्हणून. एका चुलतभावाला पाण्यात फरशीचं ॲसिडही टाकायचं होतं, म्हणजे लवकर निघेल. ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि जीव घुसमटतो. मग पोपडे खरवडले, भेगांत क्रॅक फिलर भरला, पन्हळीतला पालापाचोळा काढला आणि भिंती खडखडीत उन्हात वाळू दिल्या. रंगारी येऊन बघून गेला, खूश झाला.

त्याला खूश व्हायला कारणही होतं. इतक्या स्वच्छ भिंतीवर काहीही फासलं तरी ते पहिला पाऊस येईपर्यंत छानच दिसतं.

आता बादल्यांकडे येऊ. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग साधारणपणे एका लिटरमध्ये दोन हात धरून 50 ते 60 चौरस फूट जातो. आमच्या घराला बाहेरून 2,100 फूट भिंत आहे. म्हणजे 35 ते 42 लिटर, फार तर वीस लिटरच्या दोन बादल्या आणि वर थोडा. त्याने चार आणल्या. पहिली बादली आमच्यासमोर उघडली, आत्याच्या हातून तिला हळदकुंकूही वाहून घेतलं. तिच्यातून पुढची भिंत झाली. उरलेल्या तीन बादल्या आल्या त्या झाकण आधीच उघडलेल्या. विचारलं तर उत्तर तयार: "दुकानात मशीनवर शेड मिसळायला झाकण उघडावंच लागतं." हे खरंच आहे आणि म्हणून पचतं. पण मशीनवर शेड केलेल्या बादलीच्या झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख असलेलं स्टिकर दुकानदार लावतो. पहिल्या बादलीवर ते होतं, बाकी तिन्हींवर नव्हतं.

काम संपल्यावर तो रिकाम्या बादल्या गोळा करायला लागला. "त्या आमच्या असतात" म्हणे. रंगाऱ्यांत तशी रीत आहे, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. वहिनीने मात्र एक बादली गोठ्यात नेऊन ठेवली होती, ती राहिली. पुढे त्या बादलीत पाणी भरून ठेवलं, तेव्हा आतला वाळलेला क्रीम रंग पापुद्र्यासारखा सुटला आणि त्याच्याखाली बादलीच्या अंगाला चिकटलेला पोपटी रंगाचा थर निघाला. म्हणजे कंपनीची बादली आधी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी वापरली गेलेली आणि आमच्याकडे आली ती स्वस्तातलं डिस्टेंपर भरून. डिस्टेंपर घराच्या आतल्या भिंतींसाठी असतं, पावसापुढे टिकत नाही.

जूनमध्ये दोन जोरदार सरी झाल्या आणि जोत्यावरून ताकासारखं पाणी वाहायला लागलं. मागच्या भिंतीला हात लावला की तळवा पांढरा. रंग काढून तीन-चार तासांत पाऊस आला तर चांगलं इमल्शनही धुपू शकतं. पण इथे मधे अख्खा पंधरवडा कोरडा गेला होता.

फोन केला तर साहेबांचं म्हणणं, "दादा, भिंती तुम्ही धुतल्या ना? ब्लीचिंग नीट निघालं नसणार, ओल राहिली असणार. त्याला मी काय करू?" तीन रुपये कमी लावण्यामागचा डाव तेव्हा कळला. आमच्याच मेहनतीवर त्याने खापर फोडलं. आत्याला हे सांगितलं नाही, तिने त्याला गाठून खराटाच हाणला असता.

सुदैवाने पुरावा घरालाच चिकटलेला होता. पुढची भिंतही आम्हीच धुतली होती, त्याच ब्लीचिंगने, त्याच हातांनी. ओलं फडकं घेऊन तिथे दहा वेळा घासलं तरी फडक्याला काही लागत नाही. मागच्या भिंतीवर दोनदा घासलं की फडकं पांढरं. भाच्याने दोन्ही भिंतींचा सलग व्हिडिओ काढून त्याला पाठवला. त्यानंतर फोन उचलणं बंद.

हाच भाचा सिव्हिलचा डिप्लोमा करतो. त्याने सहज टेप लावून पाहिली तर मोजमापातही हात मारलेला. बिलात 2,860 फूट. पडवीतली भिंत एकदा "पुढची भिंत" म्हणून आणि एकदा "पडवी" म्हणून, 400 फूट. शिवाय गच्चीच्या कठड्याची आतली बाजू 360 फूट, जिथे त्याचा ब्रश लागलेलाच नव्हता. नऊच्या भावाने 6,840 रुपये नुसत्या मजुरीत. तीन रुपये कमी केल्याचा हिशेब त्याने असा भरून काढला होता.

मालाचं बिल म्हणजे दुकानाचा शिक्का मारलेली कच्ची चिठ्ठी. दुकानात गेलो तर त्यांच्या वहीत त्या नंबरचं बिलच नाही. त्यांचं म्हणणं, शिक्का कुणीही करून घेतो. खरं असेलही. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, त्यांनीही आधी बिलाचीच चौकशी केली. ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे माझ्यासारख्याला ठाण्यात करता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. शेवटचे आठ हजार आम्ही अजून दिले नव्हते, ते अडवून धरलेत. बाकी पैशांसाठी व्हिडिओ, गोठ्यातली बादली आणि मोजमापाचा कागद घेऊन वकिलाशी बोलणं सुरू आहे.

भिंती घरच्यांनी साफ करायच्या असतील तर खुशाल करा, पैसे वाचतात. फक्त प्रायमरचा पहिला हात मारण्याआधी "पृष्ठभाग पाहिला, कोरडा आहे, रंगायला योग्य आहे" एवढी एक ओळ कंत्राटदाराकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. भिंतीसमोर त्याला उभं करून फोटो काढा. मोजमाप त्याच्याबरोबर टेपचं दुसरं टोक धरून करा आणि खिडक्या वजा करायच्या की नाहीत हे आधीच ठरवा, बरेच जण करत नाहीत. माल दुकानातून स्वतः आणा, जीएसटीच्या बिलावर. बादलीवरचा बॅच नंबर बिलाशेजारी धरून फोटो काढा.

आमच्या मागच्या आणि बाजूच्या भिंती दिवाळीनंतर, नीट वाळल्यावर, पुन्हा खरवडून रंगवायच्या आहेत. नवीन रंगारी शेजारच्या वाडीतला आहे. त्याने मजुरी तेरा रुपये सांगितली, घासणं धरून. रिकाम्या बादल्या आमच्याकडे राहतील म्हटल्यावर त्याने जरा तोंड वाकडं केलं, पण कबूल झाला.