मुधोळ कुत्रीसोबत बदामी: हार्नेस, सीट हॅमॉक आणि बुटांचा काही महिन्यांचा अनुभव

बदामीजवळची बनशंकरी आमचं कुलदैवत, त्यामुळे बेळगावहून बदामीला जाणं आमच्या घरात नवीन नाही. दिवाळीपासून मात्र मैनाही सोबत येते. मैना म्हणजे आमची मुधोळ कुत्री. तिच्यासाठी घेतलेला हार्नेस, मागच्या सीटवर बांधायचा हॅमॉक (झोळीसारखं जाड कापड) आणि पायातले बूट, तिन्ही आता भरपूर वापरून झालेत. मुधोळ किंवा कारवानी कुत्री पाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं, कारण दुकानातला माल त्यांच्या मापाचा नसतो.

हार्नेसपासून सुरुवात करते. या जातीची छाती खोल, कंबर बारीक आणि मान जवळजवळ डोक्याइतकीच रुंद. साधा गळपट्टा मागे ताणला गेला की कानांवरून सुटतो. बहुतेक हार्नेस लॅब्रॅडॉरचा बांधा धरून शिवलेले असतात, पुढच्या पायांमागे एकच पट्टा. मैना दोन पावलं मागे सरकते, खांदे आवळते आणि बाहेर पडते. म्हणून बरगड्या संपतात तिथे दुसरा पट्टा असलेला हार्नेस घेतला. तो कंबरेच्या बारीक भागावर बसतो, त्यामुळे छातीवरून पुढे येऊच शकत नाही. अंग आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतकंच आवळायचं. शिवण अजून शाबूत आहे. बकलात मात्र लाल माती साचते आणि ते धड बसत नाही. प्रत्येक फेरीनंतर जुन्या टूथब्रशने घासून धुवावं लागतं. काखेतली कड टोचून तिथले केस जात होते. शहापुरातल्या आमच्या शिंप्याकडून आतून मऊ सुती कापड लावून घेतलं, मग थांबलं.

इतकी काळजी कशासाठी, तर ही नजरेने शिकार करणारी जात. यरगट्टी ओलांडली की झाडी विरळ होत जाते आणि लोकापूरच्या पुढे मोकळं माळरान, मेंढरांचे कळप. बागलकोट जिल्ह्यात चिंकाऱ्यांसाठी राखलेलं यडहळ्ळी अभयारण्यही आहे. लांबवर काही पळताना दिसलं की मैनाला हाक ऐकूच येत नाही. माळ कितीही मोकळा दिसला तरी तिथे दोरी सोडायची नाही, या मतावर मी ठाम आहे.

गाडीत हार्नेसची कडी सीटबेल्टला अडकवतो. हॅमॉकमुळे ब्रेक लागला तरी मैना सीटखालच्या पोकळीत घसरत नाही. पण घेताना पुढच्या बाजूला जाळीची खिडकी आहे ना, हे बघा. ती नसेल तर एसीची हवा मागे पोचतच नाही. आमच्या हॅमॉकला जाळी आहे आणि तिचं मोल एप्रिलमध्ये कळलं.

बूट घेऊ नका. मैना त्यात पाय उचलून उचलून चालते, उतरत्या दगडावर घसरते. शिवाय कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंज्यांतूनच, त्यालाच झाकून काय मिळणार? बदामीचा लाल वालुकाश्म दुपारी तव्यासारखा तापतो आणि ऊन उतरलं तरी लवकर निवत नाही. तळहाताची मागची बाजू दगडावर टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याला तिथे चालवू नका. आम्ही उजाडताच अगस्त्यतीर्थ तलावाच्या काठाने फिरतो. त्या वेळी समोरचा डोंगर वरून खाली तांबडा होत जातो, हवा गार असते आणि मैना मान उंच करून वास घेत चालते. नऊच्या आत परत. तलावाचं पाणी तिला पिऊ देत नाही. तिथे कपडे धुतात आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) भीती असते.

लेण्यांत प्राणी नेता येत नाहीत, संरक्षित स्मारकाचा नियमच आहे. आम्ही आळीपाळीने जातो. इसवी सन 578 च्या शिलालेखाचं तिसरं लेणं चुकवण्यासारखं नाही, पण त्यासाठी कुत्र्याला गाडीत कोंडू नका. बाहेर 24 अंश असलं तरी बंद गाडीत अर्ध्या तासात 43 च्या आसपास जातं. पायथ्याशी माकडंही फार. तिथे मैनाला उभंही करत नाही.

राहायचं म्हणाल तर एका लॉजने फोनवर ‘आणा की’ म्हटलं आणि रात्री दारात नाही म्हणाले. आता कुत्र्याचा फोटो आधी पाठवून होकार व्हॉट्सअॅपवर लेखी घेते. सध्या बनशंकरी रस्त्यावरच्या एका अंगणाच्या घरात उतरतो. घरच्या काकू मैनाला भाकरी दह्यात कुस्करून देतात. चटणीत कांदा-लसूण असतो, ती मात्र देऊ नका म्हणून आधीच सांगून ठेवलंय. रात्री बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या आत गोचीड बघणं आलंच. मेंढरांच्या मुलखात हे टाळू नका, गोचीडताप कुत्र्याला पार खचवतो.

आणि एक सुख लिहायलाच हवं. बेळगावात मैनाला बघून लोक ‘काय बारीक हो, खायला घालत नाही का?’ विचारतात. लोकापुरात चहाच्या टपरीवर एका आजोबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवत ‘नम्म मुधोळ नायी’ (आपलं मुधोळ कुत्रं) म्हटलं आणि मुधोळचे राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात कशी सांभाळली ते सांगत बसले. 2005 मध्ये टपाल तिकिटावर आलेली ही जात, तिच्याच मुलखात तिला ओळख दाखवणारी माणसं भेटली की मला फार बरं वाटतं.

पौषातल्या शाकंभरी पौर्णिमेच्या जत्रेला मात्र तिला नेत नाही. गर्दी, भोंगे, रथ. दोरी हातात असूनही जनावर बिथरतं. त्या दोन दिवसांत ती वडगावला माझ्या बहिणीकडे असते.