१८० रुपयांची बॅटरी, आठ महिने उसाच्या रानात

गेल्या जूनमध्ये कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून १८० रुपयांना झूमची छोटी टॉर्च घेतली. आमच्याकडं तिला बॅटरीच म्हणतात, आणि आत घालतो तो सेल. एकच एए सेल, पुढं भिंग; ते मागंपुढं सरकवलं की झोत पसरतो नाहीतर गोळा होतो. माझं काम ठरलेलं. भोगावतीकाठच्या रानात रात्रीची लाईट आली की मोटर चालू करायची आणि उसात दारं मोडायला, म्हणजे एका सरीतलं पाणी दुसरीत वळवायला जायचं. दोन्ही हात खोऱ्यात गुंतलेले, म्हणून शर्टाच्या खिशात मावेल अशीच हवी होती.

पहिल्या महिन्यात तिनं जीव नकोसा केला. ऐन बांधावर फडफडायची, तळहातावर आपटली की पुन्हा लागायची. सेल बदलून फरक पडेना, तेव्हा उघडली. एलईडी आणि सर्किट एका पितळी वाटीत असतात. वाटीला दोन खाचा असतात, त्यात नोज प्लायरची टोकं घालून फिरवली की ती बाहेर येते. सर्किट त्या वाटीत नुसतं दाबून बसवलं होतं. कडेचा स्पर्श सुटला की उजेड गेला. कड पॉलिश पेपरनं घासून दोन ठिकाणी सोल्डर केलं. पितळ उष्णता ओढून घेतं, त्यामुळं २५ वॉटच्या आयर्ननं टाका धरेना. मित्राकडून ६० वॉटचं आणलं. त्या दिवसापासून फडफड बंद. बाकी काही केलं नाही तरी एवढं कराच.

मग टोपीतली स्प्रिंग. ती पोलादाची आणि बारीक. एका सेलचे दीड व्होल्ट, चार्जिंगच्या सेलचे तर १.२ च, त्यातला ०.१ व्होल्ट स्प्रिंगमध्ये गेला तरी बारावा हिस्सा वाया. सोल्डर शोषून घ्यायची तांब्याची विणलेली पट्टी मिळते, तिचा तुकडा स्प्रिंगच्या आतून दोन्ही टोकांना जोडला. स्प्रिंग दाबली जाते म्हणून पट्टी थोडी सैल ठेवायची, आणि टाका दोन-तीन सेकंदांत उरकायचा, नाहीतर मागचं प्लॅस्टिकचं स्विच वितळतं.

खरा फरक पडला तो एलईडी बदलल्यावर, आणि त्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. मूळचा उजेड निळसर पांढरा होता. भिंतीवर मारला की डोळे दिपायचे, पण उसाच्या बुडख्यात सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसायचं. खाली वाळलेलं पाचट, ओली माती, आणि त्यात घोणस असेल तर तिच्या तपकिरी अंगावरचे गडद गोल ठिपके पाचटात मिसळून जातात. ती पळत नाही, जागेवरच पडून राहते. म्हणून रंग ओळखू येणं हीच उजेडाची किंमत. मी ४००० केल्विनचा (म्हणजे जरा पिवळसर उजेडाचा), सीआरआय ९० असलेला (रंग किती खरे दिसतात त्याचा हा आकडा, जास्तीत जास्त १००) एलईडी ऑनलाइन मागवला. एलईडी ज्या चकतीवर बसवलेला असतो तिचा व्यास आधी मोजून घ्या आणि प्लस-मायनस बघून जोडा. उजेड मोजायला गेलं तर थोडा कमीच झाला, कारण असे एलईडी तेवढ्याच करंटवर कमी प्रकाश देतात. पण पहिल्याच रात्री पाचट पिवळं दिसलं, माती तांबूस दिसली आणि सरीच्या कडेला पडलेला विळ्याचा लाकडी दांडा लांबूनच ओळखू आला. झूम पूर्ण ताणला की एलईडीचा चौकोन जमिनीवर उमटतो, तो नको म्हणून भिंगाच्या मागं ट्रेसिंग पेपरची गोल चकती कापून घातली.

एलईडीखालची वाटी पोकळ होती, म्हणजे उष्णता जायला वाटच नाही. उद्यमनगरात एका लेथवाल्या मामांनी हातातलं काम थांबवून ॲल्युमिनियमची चकती काढून दिली, वायरींसाठी दोन भोकं पाडून. उष्णता पुढं नेणारी थर्मल पेस्ट लावून ती बसवली. आता बॅटरीचं अंग लवकर गरम होतं, आणि तेच बरोबर आहे: उष्णता आत कोंडत नाही. साध्या सेलवर याची फार गरज नाही. पण एएच्याच आकाराचा १४५०० लिथियम सेल घालणार असाल तर हवीच. तो ३.७ व्होल्टचा असतो, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ चा. आपलं सर्किट तेवढं झेलतं का ते आधी बघा, प्रोटेक्शनवालाच (आत संरक्षणाचं सर्किट असलेला) घ्या आणि एएच्या चार्जरला चुकूनही लावू नका. मी रानात चार्जिंगचा साधा सेलच वापरतो. अल्कलाइन सेल पावसाळ्यात आत गळला होता, त्यानं टोपीचे आटे खाल्ले.

पाण्याचं दुखणं मात्र राहिलंच. मागच्या रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं (व्हॅसलीन नको, काही जातीचं रबर त्यानं फुगतं), मागून थेंब येत नाही. पण झूमचं डोकं सरकताना हवा आतबाहेर होते, तिथून पाणी शिरणारच. जुलैच्या झडीत दोनदा भिंगाच्या आत वाफ धरली. पावसात जायचं असेल तर झूम नसलेलीच घ्या, हे स्पष्ट सांगतो.

आबा आधी मोठी दोन सेलची बॅटरी सोडायला तयार नव्हते. दिवाळीनंतर एकदा म्हणाले, "ती पिवळ्या उजेडाची दे रे." तेव्हापासून ती त्यांच्याच खिशात असते. माझ्यासाठी दुसरी आणलीय, टेबलावर उघडून ठेवलीय. वाटी सोल्डर झाली, चकतीसाठी सोमवारी उद्यमनगरात जायचंय.